नामदेवकाकांच्या घरचं तापट मशीन

घरात माणूस आजारी पडलं की औषधांपेक्षा सल्लेच जास्त येतात. माणूस बरं होतं, कोणतं औषध लागू पडलं ते कुणाला आठवत नाही, पण आपण काय सल्ला दिला होता ते ज्याचं त्याला पाठ असतं. आमच्या आंधळगावात एका कॉम्प्युटरच्या बाबतीत हेच झालं. आता आम्ही दोस्त चहाला बसलो की एकाचं सांगून होत नाही तोवर दुसरा सुरू करतो, आणि चहा निवून जातो.

आधी मंडळी सांगतो. माझा इथे फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्स. गावात मला कॉम्प्युटरमधलं कळतं असं समजतात, म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मला न फाडता ओढता येतो. शेजारच्या गाळ्यात बंडू, पंपाच्या मोटरी वाइंड करणारा. त्याच्या मते जगातली प्रत्येक वस्तू ही मुळात मोटरच असते. निलेश आमचा वर्गमित्र, वरठीला प्लांटमध्ये कामाला. त्याची धाकटी बहीण पल्लवी, बी.एस्सी. झालेली. आणि त्यांचे बाबा नामदेवकाका, धानाची शेती करणारे. तरुणपणी काका शंकरपटात बैलजोडी पळवायचे, त्यामुळे कुठलीही शर्यत म्हटली की काकांचं मत विचारावंच लागतं. नाही विचारलं तरी ते सांगतातच.

पल्लवी कॉम्प्युटरवर टीमचा एक नेमबाजीचा गेम खेळते. खेळते म्हणजे काय, आम्ही तिघं मिळून तिच्यासमोर मिनिटभरही टिकत नाही. निलेशनं कौतुकानं तिला मोठं मशीन करून द्यायचं ठरवलं. तयार घेण्यात काय मजा, म्हणून सुटे भाग नागपुरातून आणि ऑनलाइन मागवले, आणि घरच्या दिवाणावर चादर अंथरून व्हिडिओ बघत बघत आम्ही ते जोडलं. होळीच्या सुमाराची गोष्ट.

त्याच दिवसांत पुण्याच्या एका गेमिंग टीमनं तिचा खेळ ऑनलाइन पाहिला आणि तिला ट्रायलला बोलावलं. ट्रायल घरूनच द्यायची, उन्हाळ्यात, एक अख्खी मॅच. निवड झाली तर पुण्यात राहायचं, सराव करायचा, पगारसुद्धा. पल्लवीची झोप उडाली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"पटावर जोडी हारली त कोनी नाव नाही ठेवत," ते म्हणाले. "पन मधातच बसली त लोकं सालभर हासतेत. तू हार का जीत, मले काही नाही. पन हा डबा मधातच बंद पडला, त पुन्याचं नाव घ्याचं नाही."

आणि डबा तर रोज मधातच बंद पडत होता.

* * *

पहिल्या दिवशी मशीन सुरू झालं तेव्हा आत लाल-निळे दिवे लागले. काकूंनी, म्हणजे निलेशच्या आईनं, हळदकुंकू वाहिलं, पेढा ठेवला. पेढा उचलायच्या आत मशीन फटकन बंद!

पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. हात लावून पाहिला तर वरचा भाग तव्यासारखा. बंडूनं निदान केलं की ग्रीस कमी पडलं. तसं ते अगदीच चुकीचं नव्हतं. प्रोसेसर म्हणून जो मुख्य तुकडा असतो त्याच्यावर एक पंखेवाला ठोकळा बसवतात, आणि दोघांच्या मध्ये थोडी पेस्ट लावतात, म्हणजे खालची उष्णता वर जाते. व्हिडिओत पेस्ट वाटाण्याएवढी लावा म्हणून सांगितलं होतं. बंडूला ते पटलंच नव्हतं. वाटाण्याएवढ्या ग्रीसवर बेरिंग जळतं, हा त्याचा अनुभव. त्यानं अख्खी ट्यूब पिळली.

ठोकळा उघडला तर पेस्ट चारी बाजूंनी ओघळलेली. ती माझ्या लेन्स पुसायच्या फडक्यानं पुसता पुसता लक्षात आलं की ठोकळ्याच्या बुडाला एक पातळ प्लास्टिक तसंच चिकटलेलं आहे. त्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं, बसवण्याआधी हे काढा. निलेशला विचारलं, वाचलं नाहीस का? तर त्यानं वाचलं होतं. पण त्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक कधीच काढत नाहीत. फ्रीजच्या दारावर दुकानातला स्टिकर अजून आहे. टीव्हीचा रिमोट पिशवीत आहे. निलेशच्या मोटरसायकलच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हानं आपणहून फाटलं तेव्हाच गेलं. चांगली नवीकोरी वस्तू, लगेच सोलायची कशाला, असा त्याचा साधा हिशेब.

आम्ही प्लास्टिक सोलून काढलं. काका जवळच बसून पाहत होते. त्यांनी तो तुकडा हातात घेतला, उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

"काढाचंच होतं, त मंग लावलं कायले?"

निलेशनं तो तुकडा त्यांच्या हातातून घेऊन, घडी करून खिशात ठेवला. मशीन मात्र त्या दिवसापासून क्षणभराऐवजी बराच वेळ चालायला लागलं, आणि हे ग्रीसमुळे झालं असं बंडू अजूनही गिऱ्हाइकांना सांगतो.

* * *

बराच वेळ म्हणजे पूल येईपर्यंत.

त्या गेममध्ये एक लांबलचक पूल होता. पल्लवी संध्याकाळी खेळायला बसायची आणि पुलावर पोचली की मशीन बंद होऊन आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. रोज तेच. पुलाच्या अलीकडे काही नाही, पलीकडे काही नाही, पूल आला की गेलं. निलेशनं नेटवर शोधलं. मी गेम काढून पुन्हा टाकला. बंडू म्हणाला, पुलाचं चित्र वजनदार असेल, मशीनला ओढत नसेल. शेवटी पल्लवीच्या टीमनं ठरवून टाकलं की पुलावर जायचंच नाही. नागपूर, गोंदिया, कुठून कुठून खेळणारी पोरं, सगळी बिचारी आमच्यामुळे लांबच्या रस्त्यानं जायची आणि वाटेत मरायची. मशीन तरीही बंद पडायचं, तेव्हा बंडू म्हणायचा, पूल लांबून दिसला असेल.

एक दिवस पल्लवी सकाळी खेळली. पूल आला, ओलांडला, काहीच झालं नाही. ती आनंदानं ओरडली, काकू घाबरून स्वयंपाकघरातून धावत आल्या, आणि तेव्हा कुठे उलगडा झाला. संध्याकाळी नळ येतो. नळ आला की काकू टाकीत पाणी चढवायचा पंप लावतात. पंप आणि मशीन एकाच बोर्डावर! पंप सुरू झाला की व्होल्टेज बसायचं आणि मशीन मान टाकायचं. पल्लवीची त्या वेळेला पुलावर पोचायची वेळ व्हायची, पुलाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

निलेशनं आईला समजावलं, ती खेळत असताना पंप लावू नको. काकूंनी शांतपणे विचारलं, "मंग पानी काय तुमच्या पुलावरून आनू?"

बंडूनं त्याच दिवशी मशीनसाठी वेगळी वायर ओढली. हे एक काम मात्र त्यानं खरंच झकास केलं. वायर इतकी जाड वापरली की तिच्यावर शेतातली मोटर चालली असती.

* * *

काकूंचा स्वतःचा उपचार वेगळाच होता. मशीनवर धूळ बसते हे त्यांना बघवत नसे. त्यांनी जुन्या साडीचं झालर लावलेलं कव्हर शिवलं. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. पण मशीन चालू असतानाही ते घातलेलं असायचं.

पल्लवीनं आईला समजावलं की हे श्वास घेतं, समोरून हवा घेतं आणि वरून गरम हवा सोडतं, त्याचं तोंड झाकू नको. काकूंना पटलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर कव्हरला गोल भोकं पाडलेली, आणि काठ टीप मारून पक्के केलेले. फक्त भोकं बाजूला, जिथून दिवे दिसतात तिथे. वर झालर तशीच.

पल्लवीनं विचारलं तर काकू म्हणाल्या, पाहुणे आले तर दिवे दिसायला नकोत?

* * *

एप्रिल लागला आणि आमच्याकडचं ऊन सुरू झालं. हे ऊन ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळत नाही. पल्लवी स्क्रीनच्या कोपऱ्यातला मशीनच्या तापाचा आकडा वाचायची, नव्वद झालं, पंचाण्णव झालं, आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद व्हायचं.

बंडूचं म्हणणं पडलं, "मानसाले कूलर लागते, त याले काहून नाही?" त्यानं स्वतःच्या घरचा कूलर उचलून आणला. पाण्यानं ओल्या होणाऱ्या जाळ्यांचा, पत्र्याचा, भला मोठा. तो थेट मशीनच्या तोंडासमोर लावला. आकडा झरझर खाली आला. इतका खाली की पल्लवीला खरं वाटेना. त्या दिवशी ती पहिल्यांदा अख्खी मॅच खेळली. काका दारातून पाहत होते, मॅच संपेपर्यंत निघून गेले नाहीत. आम्हाला वाटलं, जिंकलो.

मग मशीनच्या काचेवर आतून थेंब दिसले. मग चट् असा आवाज, मग जळका वास, मग अंधार.

ओला झालेला मोबाईल तांदळात ठेवतात तसं करून पाहू, हे कोण म्हणालं यावर आमच्यात अजून वाद आहे. प्रत्येक जण दुसऱ्याचं नाव घेतो. मोबाईलला वाटीभर तांदूळ लागतात, याला पोतं लागणार. काकूंनी खायच्या तांदळाला हात लावू दिला नाही. पण भंडारा जिल्ह्यात धानाची काय कमी? काकांच्या ओसरीत धान साठवायची बांबूची मोठी ढोली होती. काका शेतात गेलेले बघून आम्ही अख्खं मशीन ढोलीत पुरलं. नुसतं वरचं बटण तेवढं दिसत होतं.

सांगून विश्वास बसणार नाही, पण काही दिवसांनी बाहेर काढलं तेव्हा ते सुरू झालं. वाळलं होतं. मात्र त्याच्या पोटात जे धान गेलं होतं ते काही केल्या संपेना. झटकलं, उलटं केलं, ब्रश फिरवला, तरी चालू केलं की पंखे धान उडवायला लागायचे. खळ्यावर मळणी चाललीय असा आवाज. वर एक दाणा नेमका गेमची चित्रं काढणाऱ्या कार्डाच्या पंख्यात अडकला आणि पंखाच थांबला, म्हणजे ज्या तापापायी हे सगळं केलं तो ताप पुन्हा हजर. तो दाणा मी चिमट्यानं काढला. पुढं कितीतरी दिवस मशीनचा आवाज झाला की अंगणातल्या कोंबड्या दारात येऊन उभ्या राहायच्या.

काकांनी कोंबड्यांकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

"चला," ते म्हणाले, "कोनाच्या तरी कामी आलं."

* * *

ट्रायल जवळ आली. पल्लवीचं जेवण कमी झालं, बोलणं कमी झालं. घरचे वैद्य थकले म्हणून मशीन भंडाऱ्याला दुकानात न्यायचं ठरलं. निलेश मोटरसायकलवर, मागे पल्लवी, तिच्या मांडीवर मशीन. खड्ड्यांचे धक्के बसू नयेत म्हणून काकूंनी ते गोधडीत गुंडाळून दिलेलं, सगळ्या बाजूंनी गच्च.

वरठीला चहाला थांबले तर टपरीवरच्या एका म्हातारीनं पल्लवीच्या मांडीवरचं गाठोडं पाहिलं आणि तिचा जीव कळवळला. "तोंड उघडं ठेव वं माय," ती म्हणाली. "एवढ्या उनात लेकराचा जीव घाबरा होते."

पल्लवी सांगते, इतक्या दिवसांत इतका बरोबर सल्ला कुणीच दिला नव्हता.

दुकानात मशीन दुपारभर चालवून पाहिलं. एकदाही बंद पडलं नाही! घरी रडणारं पोर डॉक्टरसमोर हसायला लागतं ना, तसं. दुकानदार म्हणाला, मशीन ठणठणीत आहे. मग निलेशच्या लक्षात आलं की दुकानात एसी आहे. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं, मशीन चांगलं जोडलंय, फक्त तुमची खोली तापते. एक तर एसी बसवा, नाही तर बाजूची काच काढून टेबलफॅन जवळ लावा आणि फॅन हलू देऊ नका.

घरी येऊन निलेशनं एसीचं नाव काढलं. काका म्हणाले, "बिल पाहून आधी आमी त थंडे होऊ."

मग टेबलफॅन. काच काढली, फॅन लावला, आकडा ऐंशीच्या खाली थांबला. पल्लवी रोज एक अख्खी मॅच खेळायला लागली. आम्हाला हायसं वाटलं. पल्लवी हसायला लागली, मला तर त्या पोरीचं हसणं बघूनच भरून आलं.

* * *

ट्रायल दुपारची होती. पुण्याचे सर ऑनलाइन, पल्लवीवर कॅमेरा, खोलीत दुसरं कुणी नको असा नियम. कुणी मागून स्क्रीन बघून खाणाखुणा करू नये म्हणून. निलेशनं रजा टाकली होती. आम्ही तिघं अंगणात, खिडकीबाहेर. काकूंनी पाणी सकाळीच भरून ठेवलं. काका निंबाखाली बाजेवर, पाठ आमच्याकडे. मला काय त्याचं, असा थाट.

मॅच सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि लाईन गेली.

मशीन बंद नाही पडलं. ट्रायलसाठी निलेशनं जोडून ठेवलेल्या इन्व्हर्टरनं मशीन आणि नेटचा डबा उचलून धरला. पण तेवढ्यानंच तो धापा टाकत होता. टेबलफॅन त्याच्यावर नव्हता, आणि लावला असता तर सगळंच बसलं असतं. फॅनची पाती हळूहळू थांबली. पल्लवीनं डोळे न हलवता आकडा सांगितला. चौऱ्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. बंडूनं खिडकीतून हात घालून वर्तमानपत्रानं वारा घालून पाहिला, पण तो वारा मशीनपर्यंत पोचेचना. त्र्याण्णव.

"भाऊ, मशीन जाते आता," पल्लवी म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता, हात मात्र चालूच होते.

तेव्हा काका बाजेवरून उठले. घरात गेले, स्वयंपाकघरातून सूप घेतलं, आणि नियमबियम न विचारता बनियनवर तसेच खोलीत शिरले. मशीनच्या उघड्या बाजूला उभे राहिले आणि वारा घालायला लागले. खळ्यावर वारा पडला की धान उपणायला बाया सुपानं घालतात तसा. जोरात नाही, हळू नाही. एकसारखा.

आकडा थांबला. मग एकेक करून उतरायला लागला.

सरांचं बोलणं हेडफोनमध्ये होतं, आम्हाला फक्त पल्लवीचं ऐकू येत होतं. मधल्या विश्रांतीत ती म्हणाली, "नाही सर, ते खेळत नाहीत. माझे बाबा आहेत. मशीनला वारा घालून राहिले." मग ती सरांचं ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाबा, सर म्हणतात, स्क्रीनकडे पाहाचं नाही."

काकांनी पाठ फिरवली. भिंतीकडे तोंड करून, हात मागच्या बाजूला वळवून, तसंच वारा घालत राहिले. समोर नुसतं कॅलेंडर. मागं पोरगी खेळतेय, काय चाललंय काही दिसत नाही. बनियन घामानं पाठीला चिकटलेलं. निलेशला राहवेना, तो दारातून आत जाऊन सूप घ्यायला बघत होता. काकांनी मानेनंच नाही म्हटलं. हात एकदाही अडखळला नाही.

मॅच संपली. मशीन चालूच होतं. हरली की जिंकली ते खिडकीतून आम्हाला कळेना. मग पल्लवी म्हणाली, "हो सर," मग पुन्हा, "हो सर, येते ना सर," आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी आणि बंडू एकमेकांच्या गळ्यात पडलो, ते कशासाठी हेही आधी कळलं नाही. काकू दारात डोळे पुसत होत्या.

काकांचा वारा सुरूच.

"बाबा, झालं," पल्लवी म्हणाली. "थांबा आता. बंद नाही पडलं."

सूप थांबलं. काका वळले नाहीत. भिंतीकडे पाहतच त्यांनी विचारलं,

"त्या सरले इचार, पुन्याच्या खोलीत सूप टांगाले खिळा हाये का?"